मुलाचे गाऱ्हाणे आणि दोन दप्तरे

प्रवरा आणि म्हाळुंगी यांच्या संगमावर वसलेले संगमनेर हे शाहीर अनंत फंदींचे गाव म्हणून, सहकारी साखर कारखान्याचे गाव म्हणून आणि एके काळी घरोघर विड्या वळणाऱ्या बायांचे गाव म्हणून महाराष्ट्राच्या परिचयाचे असले, तरी १९६१ साली येथे महाविद्यालय निघाल्यापासून नाशिक आणि पुणे यांच्या दरम्यानचे विद्येचे एक ठाणे हा त्याचा लौकिक अधिकाधिक दृढ होत गेला आहे. अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातील महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांची, पठार भागातील जिरायती खेड्यांची, बाजारपेठेतील व्यापाऱ्यांची आणि कारखान्याचे धुराडे पेटले की तळावर कोप्या घालून राहणाऱ्या ऊसतोड मजुरांची अशी नाना परींची मुले या परिसरातील शाळांच्या बाकांवर शेजारी शेजारी बसतात. आणि त्यांच्यापैकी प्रत्येक जण पुस्तकांखेरीज आपल्या घरातले जे काही बरोबर घेऊन येतो, ते सर्वांत आधी दिसते ते वर्गशिक्षकाला. कालपर्यंत अखंड बडबड करणारी मुलगी एकाएकी गप्प होते, एखादा मुलगा पहिल्याच तासाला बाकावर डोके टेकून झोपी जातो, कोणी भर उन्हाळ्यातही लांब बाह्यांचा सदरा सोडीत नाही, कोणी शाळा सुटली तरी घरी जाण्याचे नाव काढीत नाही. ही लक्षणे वाचावयास शिकलेली व्यक्ती म्हणजे शालेय मानसशास्त्रज्ञ अथवा समुपदेशक; आणि त्या लक्षणांच्या मुळाशी मारहाण, उपेक्षा, लैंगिक अत्याचार किंवा कोवळ्या वयात होऊ घातलेले लग्न असेल, तर मुलाच्या बाजूने उभे राहण्याचा अधिकार कायद्याने जिला दिला आहे ती जिल्ह्याची बालसंरक्षण यंत्रणा. पहिल्याजवळ मुलाचा विश्वास असतो, पण हुकूम काढण्याचा अधिकार नसतो. दुसरीजवळ हुकूम असतो, पण मुलाची ओळख नसते. या दोहोंची गाठ वेळेवर पडते की नाही यावर कित्येक मुलांचे पुढील आयुष्य अवलंबून असताना, आपल्याकडे ती गाठ अद्याप बव्हंशी योगायोगावर सोपविलेली आहे.

इतिहासाचा दाखला घेतला तर ही ताटातूट मूळची नव्हे असे आढळून येते. मद्रास आणि बंगाल यांच्या पाठोपाठ मुंबई इलाख्यात १९२४ साली मुलांविषयीचा स्वतंत्र कायदा झाला, आणि निराधार अथवा वाट चुकलेल्या मुलाला प्रौढ गुन्हेगाराहून निराळ्या नजरेने पाहिले पाहिजे हे तत्त्व सरकारी दप्तरात रुजू झाले. त्या कायद्याचे काम चालविण्यासाठी १९२७ साली मुंबईत चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली. पुढे १९३६ साली टाटांच्या देणगीतून समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था निघाली, आणि तिच्या आश्रयाने १९३७ साली डॉ. के. आर. मसानी यांच्या देखरेखीखाली भारतातील पहिले बालमार्गदर्शन केंद्र सुरू झाले. म्हणजे मुलाचे रक्षण करणारा कायदा आणि मुलाच्या मनाचा ठाव घेणारे शास्त्र या दोन गोष्टी एकाच शहरात, अवघ्या तेरा वर्षांच्या अंतराने उदयास आल्या. आणि ज्या संस्थेत समाजकार्यकर्ते तयार होत होते, तिच्याच छायेखाली मनाच्या तक्रारींची तपासणीही होत होती.

पुढे मात्र हा कायदा आणि हे शास्त्र या दोहोंनी निरनिराळे रस्ते धरले. बालसंरक्षण हे समाजकल्याणाचे आणि कालांतराने महिला व बालविकास खात्याचे काम ठरले. मानसशास्त्राचा शाळेत प्रवेश झाला तो व्यवसायमार्गदर्शनाच्या दाराने. १९५० च्या सुमारास मुंबई सरकारने व्यवसायमार्गदर्शनाचे कार्यालय उघडले आणि तेव्हापासून शाळेतील मानसशास्त्र म्हणजे बुद्धिमापन, कल आणि विद्याशाखेची निवड अशी एक समजूत रूढ झाली, ती इतकी की २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या सर्व विद्यार्थ्यांची जी राज्यव्यापी परीक्षा घेतली गेली, तिचेही नाव कल चाचणी असेच होते. मुलाने पुढे काय व्हावे हे विचारण्याची तजवीज आपण केली. आज त्याच्यावर काय गुजरते आहे हे विचारण्याची केली नाही. परिणाम असा झाला की, समुपदेशकाला बालकल्याण समितीचा रस्ता ठाऊक नाही आणि समितीला शाळेत कोणाला विचारावे हे ठाऊक नाही.

आता हा रस्ता कसा आहे ते पाहू. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमान्वये प्रत्येक जिल्ह्यात बालकल्याण समिती असते. एक अध्यक्ष आणि चार सदस्य, ज्यांत किमान एक स्त्री असलीच पाहिजे, अशी तिची रचना असून तिला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. आणि सदस्यत्वासाठी ज्या विषयांची पदवी ग्राह्य मानली आहे, त्यांत बालमानसशास्त्राचा कायद्याने नाव घेऊन उल्लेख केला आहे. समितीच्या हाताशी जिल्हा बालसंरक्षण कक्ष असतो, प्रत्येक पोलीस ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, गावपातळीवर ग्राम बालसंरक्षण समिती असते, आणि १०९८ हा दूरध्वनी, जो १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा उपक्रम म्हणून सुरू झाला, तो आता थेट शासनाच्या अखत्यारीत चालतो. काळजी आणि संरक्षण यांची गरज असलेले मूल आढळले की त्याला प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत समितीपुढे हजर करावे, पंधरा दिवसांत त्याच्या घरच्या परिस्थितीचा सामाजिक तपास पुरा व्हावा, आणि चार महिन्यांच्या आत समितीने अंतिम हुकूम द्यावा, अशी मुदतींची साखळी कायद्याने घालून दिली आहे.

त्यातील ‘प्रवासाचा वेळ वगळून’ हे शब्द संगमनेरच्या माणसाला विशेष अर्थपूर्ण वाटावेत. सतरा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक विस्ताराचा, चौदा तालुक्यांचा हा जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा. त्याचे नाव अहिल्यानगर झाले तरी मुख्यालय संगमनेरपासून होते तितकेच, म्हणजे लोणी, कोल्हार, राहुरी असे करीत सुमारे शंभर किलोमीटरांवर आहे. अकोल्याच्या पश्चिम टोकाच्या पाड्यातील मुलाला तर संगमनेर गाठण्यातच अर्धा दिवस जातो. जे मूल घरातून कधी एकटे बाजारालाही गेलेले नाही, ते एखाद्या सकाळी अनोळखी गाडीत बसते, अनोळखी शहरात उतरते, आणि पाच अनोळखी माणसांसमोर आपल्या बापाविषयी, चुलत्याविषयी किंवा ठरलेल्या लग्नाविषयी बोलावे अशी त्याच्याकडून अपेक्षा केली जाते. समितीचे सदस्य कितीही सहृदय असले तरी त्यांच्यापुढे येते ते एक प्रकरण. त्या मुलाचा तिसरीतला हशा, पाचवीतले अक्षर आणि सातवीतले अकस्मात मौन ज्याने पाहिले आहे, तो माणूस त्या वेळी शंभर किलोमीटर दूर फळ्यापुढे उभा असतो.

लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत कायद्याने शाळेला मौन पाळण्याची मुभाच ठेवलेली नाही. १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आलेल्या, पोक्सो या नावाने सर्वांना ठाऊक झालेल्या कायद्याच्या १९ व्या कलमानुसार, असा अपराध घडल्याचे कळलेल्याच नव्हे तर घडण्याची भीती वाटणाऱ्या प्रत्येक इसमाने पोलिसांना इत्तला दिलीच पाहिजे; न दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा अपराध दडविल्यास एक वर्षापर्यंत. हे कलम कागदावरचे नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील एका वसतिगृहातील अल्पवयीन मुलींवर अत्याचार झाले असता, त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरने माहिती असूनही कळविले नाही असा आरोप होता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच्याविरुद्धची कारवाई रद्द केली, पण २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला आणि माहिती असून मौन बाळगणे हा स्वतंत्र व गंभीर अपराध असल्याचे बजावले. डॉक्टरला लागू पडणारा हा न्याय समुपदेशकाला तंतोतंत लागू पडतो.

येथेच या सहकार्यातील सर्वांत अवघड प्रश्न उभा राहतो. समुपदेशनाचा सारा व्यवहार गुप्ततेच्या आश्वासनावर चालतो. ‘मॅडम, तुम्ही कुणाला सांगणार नाही ना?’ हा प्रश्न मुले आधी विचारतात आणि मग मनातले बोलतात. त्यावर सहानुभूतीच्या भरात ‘नाही सांगणार’ असे वचन देऊन बसणारा समुपदेशक स्वतःला अशा कोंडीत सापडवितो की, वचन पाळले तर कायदा मोडतो आणि कायदा पाळला तर मुलाचा विश्वास मोडतो. आणि ज्या मुलाचा विश्वास घरात एकदा मोडला आहे त्याच्या बाबतीत ही दुसरी हानी पहिलीपेक्षा कमी नसते. म्हणून या विद्येतील जाणकार पहिल्याच भेटीत मर्यादा सांगून टाकतात: तू जे सांगशील ते माझ्याजवळच राहील, परंतु तुला कोणी इजा करीत असेल तर तुला वाचवू शकणाऱ्या माणसांना मला ते सांगावे लागेल, आणि ते मी तुला सांगूनच करीन. हे ऐकून काही मुले त्या दिवशी गप्प राहतात हे खरे; पण पुष्कळ मुले आठवड्याने परत येतात, कारण आपल्याशी सरळ बोलणारा मोठा माणूस त्यांना बहुधा प्रथमच भेटलेला असतो.

मुलाने सांगितल्यानंतर काय करावे याहून काय करू नये हे अधिक महत्त्वाचे आहे. समुपदेशक हा तपास अधिकारी नव्हे. कोठे, कधी, किती वेळा, आणखी कोण होते, असे प्रश्न विचारून तो स्वतःच चौकशी आरंभील तर दोन अनर्थ संभवतात: मुलाला तो प्रसंग पुन्हा भोगावा लागतो, आणि मोठ्यांच्या सूचक प्रश्नांनी त्याच्या सांगण्याला निराळा आकार येऊन पुढे न्यायालयात त्याच सांगण्यावर संशय घेतला जातो. म्हणून मुलाने जे शब्द वापरले तेच शब्द, त्याच्याच बोलीत, तारीख आणि वेळ घालून लिहून ठेवावेत, त्यांचे शुद्ध मराठीत रूपांतर करू नये, स्वतःचे अनुमान त्यांत मिसळू नये, आणि तो कागद सर्वांच्या हाती पडणाऱ्या नोंदवहीत न ठेवता कुलुपात ठेवावा. तपशिलाची चौकशी हे ज्यांचे काम आहे त्यांनाही कायद्याने मर्यादा घातल्या आहेत: मुलाची जबानी त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो स्त्री अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यावी; साक्षीसाठी त्याला वारंवार न्यायालयात बोलावू नये; आणि चोवीस तासांच्या आत पोलिसांनी बालकल्याण समितीला कळवावे. पोक्सो कायद्याखाली २०२० मध्ये झालेल्या नियमांनी साहाय्यक व्यक्ती नेमण्याची सोय केली आहे, जी खटला संपेपर्यंत मूल आणि त्याचे कुटुंब यांच्यासोबत राहते. शाळेचा समुपदेशक आणि ही साहाय्यक व्यक्ती यांची पहिल्याच आठवड्यात भेट झाली, तर मुलाला आपले गाऱ्हाणे पुन्हा पहिल्यापासून सांगण्याचा एक प्रसंग तरी टळतो.

हा सारा व्यवहार कागदावरून जमिनीवर कसा उतरतो, ते एका कल्पित परंतु आपल्या भागात अपरिचित नसलेल्या उदाहरणावरून पाहता येईल. दिवाळीची सुट्टी संपली आहे, तुळशीची लग्ने लागली आहेत, आणि नववीतील एक मुलगी मैत्रिणीला हळूच सांगते की घरी सुपारी फुटली, रविवारी बस्ता बांधायला जायचे आहे. मैत्रीण ते शाळेत आठवड्यातून एकदा येणाऱ्या समुपदेशक बाईंच्या कानावर घालते. मुलगी रडत नाही, तक्रारही करीत नाही. एवढेच म्हणते की, ‘आई-दादा कोयत्यावर जाणार, मला कुणापाशी ठेवायचं, म्हणून उरकतात.’ या एका वाक्यात सगळी सामाजिक मीमांसा आली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले आढळले. त्या आकड्यातील किती लग्नांमागे ‘कुणापाशी ठेवायचं’ हा प्रश्न उभा असेल, याचा विचार क्वचितच होतो.

अशा वेळी यंत्रणा बहुधा पुढीलप्रमाणे चालते. १०९८ वर दूरध्वनी जातो. गावचा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी या नात्याने ग्रामसेवक, ज्याला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, तो अंगणवाडी सेविका आणि पोलीस यांना घेऊन घरी पोहोचतो. आईवडिलांकडून मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत लग्न करणार नाही असे हमीपत्र लिहून घेतले जाते. मुलीला समितीपुढे हजर केले जाते. आणि लग्न थांबविल्याची बातमी दुसऱ्या दिवशी छापून येते. बातमी येथे संपते, पण मुलीची कसोटी येथूनच सुरू होते. गावात बोभाटा झालेला असतो, ज्या स्थळी लग्न ठरले होते तेथून पैशांची मागणी होत असते, आई बोलेनाशी झालेली असते, आणि मुकादमाची उचल घेतलेली असल्यामुळे आठ दिवसांत घराला कुलूप लागणार असते. हमीपत्रावर अंगठा उठविला म्हणून ‘कुणापाशी ठेवायचं’ या प्रश्नाचे उत्तर मिळालेले नसते. ते उत्तर मिळाले नाही तर तीच सुपारी दुसऱ्या तालुक्यातील एखाद्या देवळात, रात्रीच्या वेळी, चार माणसांत पुरी केली जाते.

आता याच प्रकरणात दोन्ही दप्तरे एकमेकांना उघडी असती तर काय झाले असते? समुपदेशकाने पहिल्याच कळविण्यात मुलीचे ते वाक्य जसेच्या तसे लिहिले असते, तर लग्न थांबविण्यास निघालेल्या पथकाला वसतिगृहाच्या जागेची चौकशी आधीच करता आली असती. समितीने मुलीच्या काळजीचा वैयक्तिक आराखडा करताना शाळेचे मत घेतले असते, तर तिला दूरच्या संस्थेत धाडण्याऐवजी ती शिकते त्याच शाळेच्या आसपास तिची सोय पाहिली गेली असती. आणि हुकूम झाल्यानंतर त्यातील शाळेपुरता भाग मुख्याध्यापकांना कळविला असता, तर सोमवारी वर्गात परतलेल्या मुलीकडे पाहून ‘हीच ती’ अशी कुजबुज होऊ नये म्हणून काय करावे, हे शाळेला ठरविता आले असते. मुलांची ओळख उघड करण्यास कायद्याने मनाई आहे, ती वर्तमानपत्रांइतकीच शिक्षकांच्या विश्रामकक्षालाही लागू आहे याचा आपल्याला विसर पडतो.

या सहकार्याची दुसरी बाजू, जिच्याविषयी फारसे बोलले जात नाही, ती म्हणजे मुलाला यंत्रणेपासूनच वाचविण्याची. गरिबी आणि उपेक्षा यांची बाह्य लक्षणे पुष्कळदा सारखीच दिसतात. डबा न आणणारे, अंघोळ न करता येणारे, वरचेवर गैरहजर राहणारे मूल पाहून घाईने निष्कर्ष काढणारा तपासनीस त्याला बालगृहाची वाट दाखवू शकतो. वास्तविक त्याची आई विधवा असेल, पहाटेपासून मजुरीला जात असेल, आणि तिच्या मायेत तिळभरही उणीव नसेल. बाल न्याय अधिनियमाचे मूलतत्त्वच असे आहे की, मुलाची पहिली जागा त्याचे कुटुंब होय आणि संस्था हा शेवटचा उपाय. अशा घरासाठी महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे, जी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाने आता चालते आणि जिच्यात पात्र मुलाला दरमहा २,२५० रुपये मिळतात. करोनाच्या साथीत पती गमावलेल्या स्त्रियांच्या मुलांना या योजनेचा लाभ मिळावा म्हणून ज्यांनी पाठपुरावा केला, त्यांत अकोल्याचे शिक्षक व कार्यकर्ते हेरंब कुलकर्णी यांचे नाव या परिसराला परिचयाचे आहे. मुलाच्या घरी ज्याचे जाणे-येणे आहे असा समुपदेशक ‘येथे दोष आईचा नसून चुलीचा आहे’ एवढे लिहून देईल, तर एक कुटुंब मोडण्याऐवजी उभे राहते.

तथापि समुपदेशक आहे कोठे, असा प्रश्न वाचक विचारतील, आणि तो रास्त आहे. शहरातील मोजक्या शाळा वगळल्या तर जिल्हा परिषदेच्या शाळेत आणि ग्रामीण माध्यमिक विद्यालयात हे काम प्रशिक्षणाचे एक-दोन वर्ग केलेल्या शिक्षकाच्या माथी असते, जो त्याच आठवड्यात गणिताच्या वह्या तपासतो, पोषण आहाराचा हिशेब लिहितो आणि मतदार याद्यांची कामेही करतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत येऊन मुलांची तपासणी करते, पण एका दिवसात शेकडो मुलांचे दात, डोळे आणि वजन पाहणाऱ्या पथकाने त्यांच्या मनातही डोकावावे ही अपेक्षा अवाजवी आहे. या पार्श्वभूमीवर सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणम येथील एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात जुलै २०२५ मध्ये दिलेले निर्देश मोलाचे ठरतात: शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा समाजकार्यकर्ता नेमावा, आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक संबंध जोडून ठेवावा, संसद वा विधिमंडळ कायदा करीपर्यंत हे निर्देश बंधनकारक आहेत. डोंगरातील वीस-पंचवीस पटाच्या शाळांना यातील दुसरा पर्यायच लागू पडणार, आणि म्हणून जोडणी कोणाशी, किती अंतरावर आणि कोणत्या दिवशी, हा प्रश्न आपल्या तालुक्यांपुरता नेमणुकीच्या प्रश्नाहून मोठा आहे.

इतर देशांनीही हा धडा सुखासुखी शिकलेला नाही. लंडनमध्ये २००० साली व्हिक्टोरिया क्लिंबिए या आठ वर्षांच्या मुलीचा तिच्या पालनकर्त्यांच्या छळाने मृत्यू झाला. रुग्णालये, पोलीस आणि समाजसेवा विभाग या सर्वांनी तिला पाहिले होते. लॉर्ड लेमिंग यांच्या २००३ च्या अहवालाने दाखवून दिले की तिला वाचविण्याच्या किमान बारा संधी हुकल्या, कारण प्रत्येकाच्या दप्तरात तिच्या कहाणीचा एकेक तुकडा होता आणि ते तुकडे कोणीही एकत्र ठेवून पाहिले नाहीत. त्यातून २००४ चा नवा बालक कायदा निर्माण झाला. याच्या उलट आइसलँडने १९९८ साली एक साधी कल्पना अमलात आणली: मुलाने पोलीस ठाणे, रुग्णालय आणि न्यायालय असे हिंडण्याऐवजी पोलीस, डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि बालसंरक्षण अधिकारी यांनीच एका घरगुती वास्तूत मुलाकडे यावे, आणि त्याने आपली हकीकत एकदाच सांगावी. युरोपातील अनेक देशांनी पुढे तिचे अनुकरण केले. त्यातील मर्म उचलायला इमारतीचीच गरज आहे असे नाही.

आपल्याकडील खरा अडथळा पैशाचा जितका आहे त्याहून अब्रूचा अधिक आहे. शाळेचे नाव खराब होईल, गावचे प्रकरण गावातच मिटवावे, ज्याच्यावर आरोप आहे तो पंचायतीत वजन असलेला इसम आहे, उद्या बदलीची पाळी येईल, अशा नाना विचारांनी मुख्याध्यापकाची लेखणी अडते आणि मिटवामिटवी सुरू होते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर झालेल्या अत्याचाराने सारा महाराष्ट्र हादरला, लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले आणि उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्यातही संतापाचे मोठे कारण होते ते गुन्ह्याची नोंद होण्यास लागलेला विलंब. त्यानंतर प्रत्येक शाळेतील सखी सावित्री समितीची सर्वांना आठवण झाली, जिची तरतूद शासनाने मार्च २०२२ मध्येच केलेली होती आणि जिच्यात पालक, शिक्षिका, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील आणि समुपदेशक यांनी एकत्र बसावे असा संकेत आहे. समित्यांची वाण आपल्याला कधीच नव्हती. त्यांच्या बैठकींचा वृत्तांत एकाच दिवशी वर्षभराचा लिहिला जाऊ नये एवढीच अपेक्षा आहे.

तेव्हा संगमनेरसारख्या तालुक्याने नवे खाते मागण्याऐवजी असलेल्या माणसांच्या गाठीभेटीला एक ठराविक दिवस द्यावा, हे अधिक व्यवहार्य होय. येथे प्रांताधिकारी आहेत, गटशिक्षणाधिकारी आहेत, बालविकास प्रकल्प अधिकारी आहेत, घुलेवाडीला ग्रामीण रुग्णालय आहे, पोलीस ठाण्यांत बालकल्याण अधिकारी नेमलेले आहेत. महिन्यातून एकदा या सर्वांनी शाळांतील समुपदेशकांसह एका टेबलाभोवती बसून नावे न फोडता तीन गोष्टी पाहाव्यात: गेल्या महिन्यात कोणत्या मुलांविषयी कळविले गेले, त्यांच्या बाबतीत समितीने काय ठरविले, आणि ती मुले आज वर्गात आहेत की नाहीत. स्थलांतरित मजुरांची मुले एका शाळेतून दुसरीकडे जाताना शिक्षण हमी पत्रक सोबत नेतात, ज्यात त्यांच्या इयत्तेची नोंद असते; ज्या मुलाविषयी संरक्षणाची चिंता आहे त्याच्या बाबतीत जुन्या शाळेच्या समुपदेशकाने नव्या ठिकाणच्या बालसंरक्षण कक्षाला स्वतंत्रपणे कळवावे, म्हणजे ऊसतोडीच्या तांड्याबरोबर त्या मुलाचा मागही हरवणार नाही. आणि समितीने शाळेकडून माहिती मागविण्याइतकीच शाळेला उलट टपाली काही कळविण्याचीही सवय लावून घ्यावी, कारण कळविल्यानंतर पुढे काय झाले हे ज्याला कधीच समजत नाही, तो शिक्षक दुसऱ्या खेपेस कळविण्यापूर्वी दहा वेळा विचार करतो.

या सहकार्याचे मोजमाप किती प्रकरणे नोंदली गेली आणि किती लग्ने थांबविली गेली या आकड्यांनी करू नये; ते आकडे फक्त आरंभ सांगतात. ज्या मुलाविषयी नोव्हेंबरमध्ये अर्ज गेला, ते जूनमध्ये पुढच्या इयत्तेत बसले का, आणि बसले असल्यास त्याच्याशी नियमितपणे बोलणारा एक तरी जाणता मोठा माणूस त्या शाळेत आहे का, हे दोन प्रश्न तालुक्याच्या प्रत्येक बैठकीत विचारले गेले पाहिजेत. पहिल्याचे उत्तर शाळेच्या हजेरीपटात मिळेल, आणि दुसऱ्याचे उत्तर ‘आहे’ असे येईपर्यंत समितीने आपल्याकडचे ते प्रकरण निकाली काढू नये.